हलकी मालमोटार : कोल्हापुरातील इंधनव्ययाचा इतिहास

चालकाच्या बंदिस्त कक्षामागे उघडा हौदा असलेल्या व साधारणपणे अर्धा ते दीड टन माल वाहणाऱ्या चारचाकी मोटारगाडीस हलकी मालमोटार किंवा पिकअप असे म्हणतात. एक लिटर इंधनावर अशी गाडी किती किमी. जाते, ही संख्या महाराष्ट्रात ‘ॲव्हरेज’ या नावाने ओळखली जाते. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ केवळ सरासरी असा आहे. परंतु कशाची सरासरी, हे सांगण्याची गरज मराठी बोलण्यात उरलेली नाही. गाडी नवी असताना हा आकडा विक्रेता सांगतो; जुनी झाल्यावर तो मालकाला स्वतः काढावा लागतो. भाड्याचा दर, फेरीतील नफा आणि पुष्कळदा गाडी ठेवावी की विकावी हा निर्णयही त्यावरच अवलंबून असतो. कोल्हापूर शहर, विशेषतः शिवाजी पेठ व तेथून पश्चिमेकडे जाणारे मार्ग यांच्या संदर्भात या अपेक्षेचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. यंत्ररचनेची माहिती अन्यत्र आली आहे [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, डीझेल एंजिन].

शिवाजी पेठ ही कोल्हापूरच्या जुन्या वस्तीतील एक मोठी पेठ होय. निवृत्ती चौक, उभा मारुती चौक, अर्धा शिवाजी पुतळा ही तिच्यातील सर्वपरिचित ठिकाणे. पेठेच्या पश्चिम अंगास रंकाळा तलाव असून त्या बाजूने फुलेवाडी, बालिंगे या गावांवरून गगनबावड्यास रस्ता जातो आणि पुढे करूळ व भुईबावडा या घाटांनी कोकणात उतरतो. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. त्याचे स्थानक मात्र शहराच्या पूर्वेस आहे. गुळाची मोठी पेठही पूर्वेकडेच वाढली. परिणामी पश्चिमेकडील गावांतील गूळ, भाजीपाला व अन्य शेतमाल शहर ओलांडूनच बाजारात वा रेल्वेवर न्यावा लागे. हे काम प्रथम बैलगाडीने केले व नंतर हलक्या मालमोटारीने. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर म्हैस स्वतःच्या पायांनी येत असल्याने तिचा इंधनव्यय कडब्यात मोजावा लागतो. बाकी सर्व मालाच्या बाबतीत प्रश्न पेट्रोल वा डीझेल यांचाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) पेट्रोलवर नियंत्रण आले आणि भारतात अनेक ठिकाणी लोणारी कोळशापासून मिळविलेल्या वायूवर मोटारी चालविण्यात आल्या. गाडीच्या मागे बसविलेल्या उभ्या भट्टीत कोळसा अर्धवट जाळून हा वायू मिळवीत. त्यामुळे शक्ती बरीच घटे व चढावर उतारूंना खाली उतरावे लागे. इंधन मोजून वापरण्याची सवय सामान्य मोटारचालकास लागली ती या टंचाईत. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या जीप व ट्रक लिलावाने विकले गेले. ‘डिस्पोजलच्या गाड्या’ या नावाने त्या पुढे बराच काळ ओळखल्या जात. त्यांतील जीपच्या मागील भागात फळ्या ठोकून किंवा मागे एकअक्षी जोडगाडी लावून तिचा मालवाहतुकीसाठी उपयोग होऊ लागला. स्वातंत्र्याच्या सुमारास पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली व कालांतराने तिचे बहुतेक भाग देशातच तयार होऊ लागले. पश्चिम महाराष्ट्रातील पहिली सर्वपरिचित पिकअप म्हणजे ही जीप व तिच्या साट्यावर उघडा हौदा चढवून केलेली तिची रूपे, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या वेळी हिशेब गॅलन व मैल यांत होत असे. वजने व मापे यांचा कायदा १९५६ मध्ये संमत झाल्यावर टप्प्याटप्प्याने लिटर व किमी. ही मापे रूढ झाली. परंतु जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ‘गॅलनला वीस मैल’ ही भाषा त्यानंतरही टिकून होती. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लि. चा असल्याने गॅलनला वीस मैल म्हणजे लिटरला सु. ७.१ किमी. होतात. अमेरिकी गॅलन याहून लहान, ३.७८५ लि. चा असतो. अमेरिकी पुस्तिकेतील वीस मैल म्हणजे लिटरला ८.५ किमी.; हा भेद लक्षात न घेतल्याने आयात गाड्यांविषयी पुष्कळ गैरसमज झाले.

पेट्रोल जीपकडून लिटरला ७ ते ९ किमी. एवढीच अपेक्षा असे आणि माल भरल्यावर ती आणखी उतरे. याचा दोष चालकावर ढकलण्याची प्रथा होती. खरे कारण रचनेत होते. जीपचे चार सिलिंडरांचे सु. २.२ लि. क्षमतेचे ‘हरिकेन’ एंजिन दणकट व कमी गतीसही चांगले ओढणारे असले, तरी त्याचे संपीडन गुणोत्तर सातच्या आसपास होते. हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर आघात न होता चालावे म्हणून ते मुद्दामच कमी ठेवलेले असे. संपीडन गुणोत्तर जितके कमी तितका उष्णतेचा कार्यात होणारा बदल कमी, हा अंतर्ज्वलन-एंजिनाचा मूलभूत नियम आहे. शिवाय पेट्रोल एंजिनात भार कमी असताना हवेची वाट झडपेने आवळावी लागते व त्यात कार्य वाया जाते. त्यामुळे रिकामी जीपही अपेक्षेइतकी काटकसर दाखवीत नसे. चौकोनी बांधणी, चारही चाकांना शक्ती देणारी जादा दंतचक्रे आणि जाड नक्षीचे टायर यांनी उरलेली काटकसर संपवून टाकली होती. लढाईत पेट्रोल सरकारचे असते. गूळ वाहताना ते मालकाचे असते.

इंधनव्ययाच्या प्रश्नाला खरी तीव्रता आली ती १९७३ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातील अरब-इझ्राएल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव काही महिन्यांतच पिंपास सु. ३ डॉलरांवरून सु. १२ डॉलरांवर गेला. १९७९ मध्ये इराणमधील क्रांतीनंतर दुसरी भाववाढ झाली. भारतात पेट्रोल हे श्रीमंतांचे इंधन मानून त्यावर अधिक कर, तर शेती व वाहतूक यांना लागणाऱ्या डीझेलवर कमी कर, असे धोरण होते. त्यामुळे दोहोंच्या किंमतींत मोठे अंतर पडले. १९७८ मध्ये केंद्र शासनाने पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघाची स्थापना केली. टायरमधील हवा, एंजिनाची जुळवणी व मध्यम वेग यांविषयी या संघाने केलेला प्रचार अनेकांच्या स्मरणात असेल. हलक्या मालमोटारीच्या मालकाने मात्र प्रचारापेक्षा सरळ मार्ग पतकरला. त्याने पेट्रोल एंजिन काढून तेथे डीझेल एंजिन बसविले.

हा बदल कोल्हापुरात सहज शक्य झाला, याचे कारण मोटारीत नसून उसात होते. नदीचे पाणी उचलणारे पंप व गुऱ्हाळांचे चरक ऑइल एंजिनांवर चालत. त्यांच्या दुरुस्तीतून व पुढे निर्मितीतून शहरात ओतकाम, कातकाम व सिलिंडर पुन्हा कातून काढण्याचे (‘बोअर’ करण्याचे) कसब रुजले होते; शिवाजी उद्यमनगरातील कारखाने हे त्याचेच फळ होय. दट्ट्या, कडी, स्लीव्ह हे शब्द शेतकऱ्याच्या घरातही परके नव्हते. ज्या मिस्त्रीने विहिरीवरचे एंजिन उतरवून बसविले, त्याला जीपचे एंजिन बदलणे अवघड वाटले नाही. बदललेल्या एंजिनास गिअरपेटीशी जोडणारी पाटी, नवे आधार व रेडिएटर एवढे जमले की काम होई. बंगलोर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीचे अंतःक्षेपण पंप व नोझल यांमुळे सुट्या भागांचाही प्रश्न सुटला. जीपच्या कारखान्यानेही हीच दिशा धरली. आधी ट्रॅक्टरसाठी बनणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर पद्धतीच्या डीझेल एंजिनाचा आणि प्यूजो या फ्रेंच कंपनीशी १९७९ मध्ये झालेल्या करारानंतर २.१ लि. क्षमतेच्या प्यूजो डीझेल एंजिनाचा उपयोग जीप व पिकअप यांत होऊ लागला.

डीझेलवर ॲव्हरेज एकदम वाढले. एक लिटर डीझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सु. बारा टक्के अधिक ऊर्जा असते, म्हणजे वाढीचा थोडासा भाग तर निव्वळ मापाचाच होता. उरलेला भाग खरा : विसाच्या वर गेलेले संपीडन गुणोत्तर आणि भार कमी असताना हवा न आवळता केवळ इंधन कमी करण्याची पद्धत. पेट्रोलवर आठ किमी. देणारी गाडी डीझेलवर १० ते १३ किमी. देऊ लागली आणि तेही स्वस्त इंधनावर. पेठेतील मालकाची ‘दहाच्या खाली गाडी परवडत नाही’ ही मोजपट्टी या काळात तयार झाली. ती आजही वापरली जाते. पण ती ज्या करभेदावर उभी होती तो बराचसा मावळला आहे, हे बहुधा विसरले जाते. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये व डीझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले.

याच काळात पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीची वाहने सर्वत्र पसरली. जर्मनीतील टेंपो कारखान्याच्या सहकार्याने १९५८ पासून तिने तीनचाकी गाड्या व १९६९ पासून ‘मॅटॅडोर’ ही चारचाकी गाडी बाजारात आणली. कंपनीचे नाव असलेला ‘टेंपो’ हा शब्द मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसला. मॅटॅडोरमध्ये शक्ती पुढच्या चाकांना दिलेली असल्याने मागील हौदा जमिनीजवळ ठेवता येई. भाजीच्या पाट्या व दुधाचे कॅन चढविण्यास ते सोयीचे होते. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ मध्ये स्थापन झाल्यावर गावोगावचे दूध ठरलेल्या वेळी पोहोचविण्याची गरज वाढत गेली आणि रोज तोच रस्ता, तोच भार व तेच अंतर असलेली वाहतूक प्रथमच मोठ्या प्रमाणात उभी राहिली. ॲव्हरेज काढण्यास याहून चांगली परिस्थिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

१९८० नंतर जपानी कंपन्यांच्या सहकार्याने स्वराज-माझदा, डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान व आयशर-मित्सुबिशी या गाड्या आल्या. त्यांना उत्तर म्हणून टेल्को कंपनीने १९८६ मध्ये ‘४०७’ व १९८८ मध्ये ‘टाटामोबाइल २०६’ ही पिकअप आणली. यांपैकी ४०७ व जपानी गाड्या वजनाने मोठ्या गटातील होत. २०६ व तिचे वंशज २०७, तसेच महिंद्रच्या पिकअप यांनाच आज ‘जुनी मध्यम पिकअप’ म्हणता येईल. या पिढीतील सुरुवातीच्या एंजिनांत इंधन मुख्य सिलिंडरात न सोडता शेजारच्या छोट्या भोवरा-कोठीत सोडले जाई. त्यामुळे आवाज व धक्के कमी होत, पण कोठीच्या भिंतींतून उष्णता निघून जाई. पुढे इंधन सरळ सिलिंडरात सोडणारी एंजिने आली आणि तेवढ्या बदलाने इंधनात दहा ते पंधरा टक्के बचत झाली. म्हणून जुन्या पिकअपचे ॲव्हरेज विचारताना साल विचारण्यापेक्षा एंजिनाची जात विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहता तेथील प्रश्न वेगळा असल्याचे दिसते. मध्यम आकाराची पिकअप हा प्रकार तेथे १९८७ च्या डॉज डाकोटा या गाडीपासून रूढ झाला, असे सामान्यतः मानतात. सहा सिलिंडरांची मोठी पेट्रोल एंजिने असलेल्या अशा जुन्या गाड्या अमेरिकी गॅलनला १५ ते २० मैल, म्हणजे लिटरला सु. ६.४ ते ८.५ किमी. जातात, आपल्याकडील पेट्रोल जीपच्या पुढे त्या फारशा गेल्या नाहीत, मात्र शक्ती दुपटीहून अधिक देतात. तेथे १९७५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनव्ययास मर्यादा घातली गेली व ती हलक्या मालमोटारींना १९७९ पासून लागू झाली. प्रत्येक नव्या गाडीवर शासकीय चाचणीचा आकडा चिकटविलेला असतो. तो आकडा प्रत्यक्षात मिळत नाही अशी ओरड झाल्याने २००८ पासून चाचणीत अधिक वेग, थंड हवा व वातानुकूलन यांचा समावेश केला गेला आणि जुन्या गाड्यांचे आकडे खाली आले. शासकीय आकडाही शेवटी एका ठराविक चालीचा आकडा असतो, एवढे यावरून दिसते.

भारतात पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेच्या चाचणीचा आकडा प्रवासी मोटारगाड्यांच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचला. कंपनीनिहाय सरासरी इंधनव्ययाचे निकष २०१७ पासून लागू झाले, तेही प्रवासी गाड्यांपुरते होते. मालवाहू पिकअपच्या मालकास, म्हणजे ज्याचे पोट या आकड्यावर अवलंबून आहे त्यालाच, असा अधिकृत आधार मिळाला नाही. त्याचा आधार म्हणजे पंपावर, गॅरेजमध्ये व चौकात ऐकलेले आकडे. आणि असे आकडे गाडी विकणारा नेहमी दोनने वाढवून सांगतो.

भार हा ॲव्हरेज ठरविणारा पहिला घटक होय. कोल्हापुरी गुळाचा जुन्या मापाचा रवा ३० किग्रॅ. चा. असे ४० रवे भरले की हौद्यात १,२०० किग्रॅ. होतात; हंगामात ५० वा ६० रवे भरण्याचा मोह टाळला जातोच असे नाही. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाताना चाकांचा रोध वजनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा बरेच अधिक इंधन घेते. परंतु नफा टन-किमी. मध्ये मोजला, तर भरलेली गाडीच स्वस्त पडते. खरा तोटा परतीच्या रिकाम्या फेरीचा असतो. बारा किमी. ॲव्हरेज मिळाले म्हणून आनंद मानणाऱ्या मालकाची गाडी निम्मा वेळ रिकामी धावत असण्याचा संभव असतो.

रस्त्याचा परिणाम कोल्हापुरात विशेष स्पष्ट दिसतो, कारण येथे तीन प्रकारचे रस्ते अगदी जवळजवळ आहेत. पहिला पेठेतील. अरुंद बोळ, थांबलेल्या दुचाक्या, दर शंभर पावलांवर ब्रेक. गाडी प्रत्येक वेळी थांबविताना तिच्यातील गतिज ऊर्जा ब्रेकच्या ड्रमात उष्णता होऊन संपते व पुन्हा वेग घेताना ती डीझेलमधून काढावी लागते. उभ्या गाडीचे एंजिन चालू ठेवल्यास तासाला अर्धा ते पाऊण लि. इंधन जाते. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत हीच पिकअप सबंध रात्र पावलापावलाने सरकते. त्या दिवसाचे ॲव्हरेज कोणी काढत नाही व काढूही नये.

दुसरा रस्ता घाटाचा. समुद्रकाठच्या मासळी-आंब्याची गाडी सु. ५५० मी. उंचीवरील कोल्हापुरास येताना किती इंधन केवळ चढण्यात घालविते, याचा हिशेब करता येतो. मालासह वजन २,५०० किग्रॅ. धरल्यास तेवढी उंची चढविण्यास सु. १३.५ मेगॅजूल कार्य लागते. एंजिन व प्रेषण मिळून इंधनातील ऊर्जेच्या चौथ्या हिश्शाचे कार्य होते असे मानले, तर सु. ५४ मेगॅजूल ऊर्जा हवी. लिटरभर डीझेलमध्ये ती सु. ३६ मेगॅजूल असते. म्हणजे चाकांचा व हवेचा रोध बाजूला ठेवून निव्वळ उंचीसाठी दीड लि. डीझेल जाते. उतरताना यातील थोडा भाग परत मिळतो, कारण गिअरमध्ये ठेवलेली गाडी उताराच्या जोरावर चालते व इंधन फारसे लागत नाही. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडल्याने ॲव्हरेज वाढते अशी समजूत आहे. घाटात ती प्राणघातक असून तिच्यातून होणारी बचतही नगण्य असते. उतरताना हलका व चढताना जड माल अशी स्थिती असल्यास, कोकण फेरीचे ॲव्हरेज पेठ ते मार्केट यार्ड या फेरीशी ताडून पाहणे निरर्थक होय.

तिसरा रस्ता पुणे-बंगलोर महामार्ग. या शतकाच्या पहिल्या दशकात तो चौपदरी झाला व तासाला ५० किमी. ने जाणाऱ्या जुन्या गाड्या ८० ने पळू लागल्या. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० वरून ८० वर जाताना तो अडीचपटीहून अधिक होतो. पिकअपचा उभा दर्शनी भाग, कक्षामागे भोवरे उठविणारा उघडा हौदा व वर बांधलेली ताडपत्री यांमुळे रस्ता सुधारला पण ॲव्हरेज घसरले, असा विचित्र अनुभव त्या वेळी अनेकांना आला. जुन्या चौगिअरी गाडीस उच्च वेगासाठी पाचवा गिअर नसल्याने तिचे एंजिन तेथे गरजेहून अधिक फिरते, हेही एक कारण आहे.

वयामुळे ॲव्हरेज किती कमी होते? लोकसमजुतीत ही घट फार मोठी मानली जाते. वस्तुतः नीट राखलेल्या डीझेल एंजिनाच्या बाबतीत वीस वर्षांनंतरही ती एक-दशांशाहून फारशी अधिक असण्याचे कारण नाही. मोठी घट आढळली तर ती वयाची नसून विशिष्ट दोषाची असते आणि तो दोष बहुधा एंजिनाबाहेर सापडतो. ब्रेकचे लायनर ड्रमला धरून राहणे हा सर्वांत सामान्य व सर्वांत दुर्लक्षित दोष. चाक जॅकवर उचलून हाताने फिरविले की तो कळतो. टायरमध्ये हवा कमी असणे, चाकांचे अलाइनमेंट बिघडणे, क्लचप्लेट घसरणे व हवेची जाळी धुळीने भरणे हे त्यानंतरचे. एंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजमधील जुनी चाल तर हटकून इंधन वाढविते, कारण एंजिन योग्य तापमानास पोहोचतच नाही. एंजिनातील दोष धुरावरून ओळखतात. काळा धूर असल्यास नोझल गळते, पंप अधिक इंधन देतो वा हवा कमी पडते. निळा असल्यास कड्या झिजून वंगणतेल जळते. सकाळी एंजिन चालू होण्यास लागणारा वेळ हे संपीडन उतरल्याचे लक्षण होय. डीझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा गैरप्रकार एके काळी सर्रास होता. रॉकेल पातळ असल्याने पंपातील सूक्ष्म भागांचे वंगण नीट होत नाही. वाचलेल्या पैशांपेक्षा पंप दुरुस्तीचा खर्च मोठा होतो.

मोजणीची विश्वसनीय रीत एकच : टाकी काठोकाठ भरावी, किमान तीन-चारशे किमी. नेहमीचे काम करावे, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी व अंतरास भरलेल्या लिटरांनी भागावे. काट्यावरून वा शंभर रुपयांच्या डीझेलवरून काढलेले आकडे टाकून द्यावेत. जुन्या गाडीत अंतरमापकाचाही भरवसा नसतो. जीपच्या मूळ ६.००–१६ मापाच्या टायरऐवजी ७.५०–१६ मापाचे बसविल्यास चाकाचा व्यास सु. दहा टक्क्यांनी वाढतो आणि मापक तेवढे अंतर कमी दाखवितो. अशा मालकास ॲव्हरेज उतरल्याचा भास होतो. मैलाच्या दगडांवरून मापक एकदा तपासून घेणे हा त्यावर उपाय आहे.

लिटरला किमी. ही मोजणी सोयीची असली, तरी ती फसवी आहे. महिन्यास २,००० किमी. धावणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज ८ वरून १० झाले तर २५० ऐवजी २०० लि. इंधन लागते, म्हणजे ५० लि. वाचतात. तेच १४ वरून १६ झाले तर केवळ १८ लि. वाचतात, वाढ मात्र दोन्हीकडे दोनचीच दिसते. यूरोपात १०० किमी. ला किती लि. अशी मोजणी करतात, तीत ही चूक होत नाही. बिघडलेल्या गाडीची दुरुस्ती चांगल्या गाडीच्या आणखी सुधारणेपेक्षा अधिक फायद्याची का, याचे उत्तर या अंकगणितात आहे. जुनी गाडी का टिकते, याचेही. दहा किमी. देणाऱ्या जुन्या पिकअपऐवजी १४ किमी. देणारी नवी घेतल्यास त्याच अंतरावर महिन्यास सु. ५७ लि. वाचतात, लिटरला नव्वद रुपये धरल्यास ही बचत पाच हजारांच्या आसपास जाते. नव्या गाडीचा हप्ता याच्या कितीतरी पट असतो. रोज दोनशे किमी. धावणाऱ्यास नवी गाडी परवडते. आठवड्यातून तीन फेऱ्या करणाऱ्या पेठेतील छोट्या मालकास परवडत नाही. त्याच्या गाडीला भंगार म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहिलेला नसतो. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क मोठ्या प्रमाणात वाढल्याने मात्र या हिशेबात इंधनाबाहेरची एक रक्कम आली आहे.

२००५ मध्ये आलेल्या टाटा एस या दोन सिलिंडरांच्या छोट्या गाडीने, म्हणजेच लोकभाषेतील ‘छोट्या हत्ती’ने, अपेक्षेची पट्टीच बदलली. लिटरला १६ ते २० किमी. ही भाषा मालवाहतुकीत प्रथमच ऐकू येऊ लागली व पेठेच्या बोळांतील पुष्कळशी कामे तिच्याकडे गेली. घाट व जड माल यांसाठी मध्यम पिकअप मागे उरली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार नव्या पिकअपमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे उच्चदाब अंतःक्षेपण व धूर गाळणारी यंत्रणा आली. ती काटकसरी खरी, पण तिचा दोष धुरावरून वा आवाजावरून ओळखता येत नाही.

इंधनाचे भाव राज्याच्या करांनुसार बदलत असल्याने कोल्हापूरच्या चालकास आणखी एक पर्याय उपलब्ध असतो. कर्नाटकात डीझेल स्वस्त असलेल्या वर्षांत निपाणीकडे जाणाऱ्या गाड्या कागल ओलांडून कोगनोळीच्या पुढेच टाकी भरून घेतात. ॲव्हरेज न वाढविता फेरीचा खर्च कमी करण्याचा हा मार्ग सरहद्दीवरील सर्व गावांना माहीत आहे. केवळ त्यासाठी मुद्दाम जाणाऱ्याचे मात्र जाण्यायेण्यातच डीझेल संपते. पेट्रोलवर चालणाऱ्या ज्या थोड्या जुन्या जीप शहरात उरल्या आहेत, त्यांच्यापुढे २०२५ पर्यंत सर्वत्र पसरलेल्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रश्न आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश ऊर्जा असल्याने मिश्रणात ती सहा ते सात टक्क्यांनी घटते व ॲव्हरेजही साधारण तेवढेच उतरते. शिवाय जुन्या कार्ब्युरेटरमधील रबरी भाग व नळ्या बदलून घ्याव्या लागतात. जिल्ह्यातील जो ऊस पूर्वी या जीपच्या हौद्यातून गूळ होऊन बाजारात जात असे, त्याचाच काही भाग आता साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून तिच्या टाकीत येतो.